न उठलेले हात

उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या कुहमो गावच्या शाळेत आउली कार्प्पिनेन वरच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवायची आणि वर्ग तिच्याकडे बघत गप्प बसायचा. त्या गप्प बसण्यात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. थंडीत तळं गोठावं तशी ती शांतता होती. वरून दगड टाकला तरी तडा जात नाही, खाली मात्र मासे फिरत असणार. असणार, एवढंच. पंचवीसेक वर्षं आउलीने त्या बर्फावर उभं राहून शिकवलं.

तिला त्याचं नवल वाटत नसे. ती स्वतः तसल्याच घरातली. बापाने जन्मात एकदाच तिचं कौतुक केलं होतं, तिने नावेचं इंजिन खोलून पुन्हा जोडलं तेव्हा. "चालतंय की," एवढं म्हणून तो मासे साफ करायला बसला. तेवढ्या शिदोरीवर ती विद्यापीठापर्यंत गेली. "मला येतं" म्हणणाऱ्या माणसाकडे त्यांच्या गावात लोक जरा काळजीनेच पाहत.

त्या वसंतात मुख्याध्यापक रेइयो कॉफीचा कप घेऊन तिच्यासमोर येऊन बसला.

"आउली, पुढच्या वर्षीच्या विजेच्या कोर्सला बोटांवर मोजण्याइतकी नावं आलीत. एवढ्यांसाठी चालवता येणार नाही गं."

"पोरांना आवडतं रे ते."

"तुला कोणी सांगितलं?"

आउलीने आठवून पाहिलं. कोणीच सांगितलं नव्हतं.

"शुक्रवारी तुझ्या वर्गावर येतो," रेइयो म्हणाला. "त्यांनाच विचारू. पुरेशी पोरं हो म्हणाली तर ठेवू, नाहीतर बंद."

वीज हा आउलीचा जीव की प्राण. बाकी सगळं ती शिकवायची. वीज शिकवताना तिच्या गालांवर रंग चढायचा. तो कोर्स गेला तर राहिलेली वर्षं नुसती ढकलायची होती.

तिने दुसऱ्याच दिवशी मुलांना फोन बाहेर काढायला लावले. प्रश्न प्रोजेक्टरने भिंतीवर, उत्तर फोनवर. भिंतीवर रंगीत खांब वर चढायचे, त्यांखाली उत्तर देणाऱ्यांची नावं. नाव खरं द्यायची सक्ती नव्हती, म्हणून कोणी काय उत्तर दिलं ते कोणाला कळायचं नाही. क्षणात भिंतीवर 'ओला मोजा', 'थंड बटाटा' आणि 'रेइयोचं टक्कल' अशी मंडळी हजर झाली. आउलीने पहिला प्रश्न टाकला: कालचं समजलं का? पूर्ण, थोडंफार, अजिबात नाही.

सगळा वर्ग 'थोडंफार'वर. एकच खांब छतापर्यंत, बाजूचे दोन्ही कोरडे.

आउली त्या खांबाकडे बघत राहिली. शांतताच होती ती, फक्त आता रंगवलेली. मग तिचं तिलाच हसू आलं. तिला जरी विचारलं असतं, वीज येते का, तरी तिने कुठे बोट ठेवलं असतं? इथल्या माणसाला त्याच्या स्वतःबद्दल विचारणं हीच चूक होती.

पुढच्या तासाला तिने कॉफीबद्दल विचारलं. गरम कॉफी दहा मिनिटांनी प्यायची आहे. जास्त गरम राहायला हवी, तर थंड दूध आत्ता घालायचं की पिताना?

खांब अर्धे अर्धे झाले. वर्गात कोणीतरी हुंकारलं.

"पिताना!" मागून विल्यामी म्हणाला. वर्षभरात त्याचा हा पहिला शब्द. "आधीच गार करून ठेवायची होय?"

"अरे गाढवा," शेजारची सेन्नी गर्रकन वळली, "जास्त गरम असतं तेच जास्त भराभर निवतं. तुझ्या घरी सगळे गारच पितात वाटतं."

"माझ्या घरी निदान कॉफी तरी असते. तुझी आई देते त्याला काय म्हणायचं?"

वर्ग खो खो हसला. दोन कप आले, थर्मामीटर आला, आणि सेन्नी बरोबर ठरली. 'ओला मोजा' नावाने दूध आधी घालणारा कोण, याचाही शोध सुरू झाला.

शुक्रवारी रेइयो कॉफीचा कप घेऊनच आला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "विजेचा कोर्स कोणाला हवाय? हात वर करा."

एकही हात हलला नाही. सेन्नी टेबलाकडे बघत होती, विल्यामी खिडकीकडे. रेइयोने आउलीकडे पाहिलं, त्यात कीवही होती.

"थांब रे," ती म्हणाली. "फोन काढा."

हवा का, हे विचारायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने भिंतीवर लिहिलं: शेजारी बसलेल्याने विजेचा कोर्स घ्यावा का?

'हो'चा खांब सरसर वर गेला. 'नाही'वर एकटा 'थंड बटाटा'.

"शेजाऱ्याचं मत मला काय कामाचं?" रेइयो म्हणाला. "ज्याने त्याने स्वतः नाव द्यायला हवं!"

तोवर विल्यामीने सेन्नीला कोपरखळी मारली होती. "बघ, भिंत म्हणतेय, तू घे."

"तू येणार असशील तर घेते."

"मी कधीचा घेणार होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

"आत्ताच तर विचारलं रेइयोने!"

"हात वर करून? वेड लागलंय का मला?"

पुढच्या बाकावर हेच चाललं होतं, त्याच्या पुढच्यावरही. तू आलास तर मी, तू आलीस तर मी. 'थंड बटाटा'चा फोन शेजारणीने पाहिला होता; तिने त्याला दंडाला धरून उभं केलं आणि दोघांचीही नावं सांगितली. रेइयो कप खाली ठेवून नावं टिपू लागला, मध्येच म्हणाला, "हळू बोला, ऐकू येत नाही."

शेजारच्या वर्गातून कोणीतरी भिंतीवर थापा मारल्या. वर्गाला गप्प करायला हवं होतं. आउलीवर ती वेळ नोकरीत कधी आलीच नव्हती. त्यासाठी नेमकं काय म्हणतात ते ती आठवू लागली, आणि मुद्दामच सावकाश आठवत राहिली.