नवी स्कूटर लातूरला नेताना

लातूर जिल्हा नवा होऊन चारेक वर्षं झाली आणि त्याच्या कचेरीत मला टायपिस्टची नोकरी लागली. साधारण त्याच सुमारास, कित्येक वर्षांपूर्वी अण्णांनी नाव नोंदवून ठेवलेल्या स्कूटरचा नंबर लागला. अण्णा म्हणजे माझे वडील, नांदेडला शाळेत मास्तर. जन्मभर सायकलवर हिंडलेला माणूस. स्कूटर दारात आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "ही तुला. मला आता काय जमायची न्हाई."

तिचा रंग आकाशी होता. त्या दुष्काळाच्या वर्षी आभाळ काही त्या रंगाचं नव्हतं. धुळीनं ते कायम पातळ ताकासारखं दिसायचं. म्हणून असेल, पण गल्लीतून जाणारी माणसं उगीच थांबून त्या रंगाकडं बघत राहायची.

शाळेच्या मैदानावर मी चालवायला शिकले. मी पुढं आणि अण्णा मागून धोतर सावरत पळताहेत, "गिअर बदल, गिअर बदल" म्हणून ओरडताहेत, आणि मैदानाच्या कडेला बसलेले म्हातारे मान हलवताहेत. आज ते सगळं आवाज नसलेल्या चित्रासारखं आठवतं.

माय सामान घेऊन एसटीनं आदल्या दिवशीच लातूरला गेली. स्टोव्ह, भांडी, अंथरुणाची वळकटी. तिथं आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती. मी आणि अण्णांनी स्कूटर घेऊन मागून जायचं ठरलं. घरात बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, गाडीला झेंडूचा हार घातला. आणि गाडी चालूच होईना.

मी किक मारली, अण्णांनी मारली. गाडी एका अंगावर कलती करून पुन्हा मारली. घरमालकीणबाई ओट्यावरून म्हणाल्या, "नारळ फोडला न्हाई ना तुमी गुरुजी, म्हणून."

"पेट्रोल हाय, ऑइल हाय," अण्णा घाम पुसत म्हणाले, "मग अजून काय पाहिजे हिला?"

मी वाकून बघितलं तर पेट्रोलचा नळच बंद होता. तो फिरवला, आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

"नळ बंद व्हता अण्णा!"

"अख्ख्या नांदेडचे नळ बंद हाईत," अण्णा मागं बसत म्हणाले, "हिचंच काय घेऊन बसलीस."

निघाल्यावर आधी पेट्रोल भरलं. पंपावर कुणीतरी म्हणालं, असल्या उन्हात पेट्रोल उडून जातं. दुष्काळात वाढलेल्या माणसानं एवढं ऐकलं की पुरे. अण्णांनी नव्या सीटवरचं प्लास्टिक थोडं फाडलं, टाकीच्या तोंडावर पसरलं आणि वरून झाकण घट्ट आवळलं. माझ्या पायाशी तेलाचा लहानसा पत्र्याचा डबा होता, पाण्यानं भरलेला. त्या वर्षी पाणी सोबत घेतल्याशिवाय कुणी गावाबाहेर पडत नसे.

पुलावरून जाताना गोदावरीत नुसती वाळू दिसली. त्या वाळूत बायका झरे उकरत होत्या. वरून त्यांच्या रंगीत पाठी तेवढ्या दिसत होत्या, फुलं सांडल्यासारख्या.

लोहा मागं पडलं आणि गाडी धापा टाकून बंद पडली. आम्ही सीट उचललं, झाकण उघडून आत डोकावलो. पेट्रोल होतं. प्लास्टिक नीट लावून झाकण पुन्हा आवळलं. प्लग काढून अण्णांनी तो रुमालानं मोत्यासारखा पुसला. किक मारली, गाडी सुरू.

"प्लगाला धूळ लागली असंल," अण्णा म्हणाले.

माळाकोळीच्या अलीकडं पुन्हा तेच झालं. पुन्हा झाकण, पुन्हा पेट्रोल, पुन्हा प्लग, आणि गाडी सुरू. आता आमची खात्रीच पटली की दोष प्लगाचा. प्लग पुसणं हेच औषध.

दुपार चढत गेली. रस्त्यावर लांब पाण्यासारखं काहीतरी चमकायचं आणि आपण जवळ गेलो की पुढं सरकायचं. बोडकी झाडं, भेगाळलेली रानं, मधूनच उठणारी एखादी वावटळ. माळाकोळीच्या पुढं एक लांबलचक उतार लागला. तिथं इंजिनाचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. मी क्लच दाबला आणि गाडी तशीच सोडली. कानाला फक्त वारा. चाकांखालची खडी कुठंतरी दूर करकरत होती. आपण रस्त्यावर नाही, कुणीतरी आपल्याला अलगद खाली सोडतंय, असं वाटत होतं.

मागून अण्णा म्हणाले, "किती गुपचूप चालती गं ही. नवी गाडी म्हंजे वेगळंच असतंय."

इंजिनच बंद पडलंय हे मला सांगवेना. उतार संपेपर्यंत मी हँडल घट्ट धरून गाडी सरळ ठेवली.

खाली सपाटीला गाडी आपणहून थांबली. शेजारी एक बाभूळ होती. अण्णांनी प्लग काढून पुसला. किक मारली. काही नाही. पुन्हा पुसला. काही नाही. झाकण उघडायचं आमच्या मनातही आलं नाही. पेट्रोल आहे हे दोनदा बघितलेलं होतं.

शेवटी अण्णा बाभळीखाली बसले. रस्त्याकडं बघत म्हणाले, "तुला आठवतंय का हितलं काही? तू लई लहान व्हतीस."

मला आठवत नव्हतं. मागच्या मोठ्या दुष्काळात सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ल्याचं आठवत होतं, तिची गोड, खरखरीत चव. पण ती कुठं खाल्ली ते नाही.

"हितंच खाल्लीस. ह्याच सडकेचं काम चालू व्हतं. तवा मी पलीकडच्या गावात मास्तर. पगार वेळेवर येईना, आन् आला तरी बाजारात दाणा न्हाई. मग तुझी माय खडी फोडाया आली. तुला असंच बाभळीखाली झोपवायची."

"तुमी काही म्हणला न्हाई तिला?"

"म्हणलो की. मास्तराच्या बायकोनं खडी फोडायची, लोक काय म्हणतील, असं म्हणलो. ती म्हणली, लोक बी हितंच हाईत, बघा की, सगळे खडीच फोडून राहिलेत." अण्णा हसले. "मग शाळा सुटली की मी यायचो. दिवस मावळायच्या आत तिचं खडीचं माप भरायचं असायचं. तिच्या शेजारी बसून हातोडा घ्यायचो. बोलायचो न्हाई दोघं. नुसतं ठक, ठक. खरं सांगू का? संसारात एवढं निवांत आम्ही परत कधी बसलोच न्हाई."

मी रस्त्यावर तळहात ठेवला. डांबर भाजत होतं. त्याच्या खाली मायच्या हाताचे दगड होते आणि आम्ही त्यावरून इतका वेळ घसरत आलो होतो.

तेवढ्यात घंटांचा आवाज आला. धुळीतून गुरं येत होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लोंबते कान, देवणी जातीची गुरं. बरगड्या मोजता येतील अशी, पण चाल तीच, ऐटीची. सोबत एकच माणूस, डोक्याला मोठा फेटा.

"काय झालं आक्का? गाडी रुसली का?"

"चालू होईना झालीया," मी म्हणाले.

"मग चला की आमच्या संगं. आमी अहमदपूरच्या अंगाला चारा छावणीला चाललोय. वाटंत मिस्त्री घावंल."

आम्ही स्कूटर ढकलत गुरांमध्ये शिरलो. एक गाय स्कूटरच्या आरशाला हुंगत चालू लागली. कुणी घाई करत नव्हतं. धूळ, घंटा, शेणाचा ऊबदार वास, आणि मधोमध आमची आकाशी स्कूटर, कळपातलंच एखादं मुकं जनावर असल्यासारखी. किती वेळ चाललो कोण जाणे. त्या वाटेचं मला आजही स्वप्न पडतं आणि स्वप्नात ती संपत नाही.

एका वळणावर त्या माणसानं पाणी मागितलं. अण्णांनी डबा उचलला. डब्याला वर दोन भोकं होती, दोन्ही चिंधीनं बुजवलेली. अण्णांनी एक चिंधी काढून डबा कलता केला. त्याच्या ओंजळीत जेमतेम घोटभर पाणी पडलं आणि धार थांबली.

"दुसरं बी भोक मोकळं करा की पाव्हणं," तो ओंजळ तशीच धरून म्हणाला. "वारं आत गेल्याबिगर पाणी भाईर कसं येईल?"

अण्णांनी दुसरी चिंधी उपसली. धार सरळ पडू लागली. तो प्यायला लागला आणि मी त्या डब्याकडं बघतच राहिले.

"अण्णा," मी म्हणाले, "टाकीवरचं प्लास्टिक!"

"त्याचं काय?"

"त्यानं वारं कोंडलंय. आपण दर बारीला झाकण उघडलं म्हणून ती चालू झाली. प्लगामुळं न्हाई."

सीट उचलून मी झाकण फिरवलं. फस्स करून आवाज आला, दमलेल्या माणसानं सोडावा तसा. प्लास्टिक काढून फेकलं. पहिल्या किकला नाही, पण थोड्या वेळानं, पेट्रोल खाली उतरल्यावर, गाडी अशी गरजली की गुरं उधळली. तो माणूस हसत, शिव्या देत त्यांच्यामागं धावला. अण्णा "माफ करा हो, माफ करा" म्हणत त्याच्यामागं. सगळी गुरं गोळा करून दिल्यावरच आम्ही निघालो. पुढं गाडी कुठंच थांबली नाही. शिरूर, चाकूर येऊन गेली, आणि ऊन उतरता उतरता लातूर आलं.

माय खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. दिवसभर वाट बघून तिचा चेहरा उतरला होता. आम्हा दोघांना धुळीनं माखलेलं बघून आधी रागावली, मग तिनं टँकरचं पाणी तांब्यात दिलं. अण्णांनी तिला उताराची गोष्ट सांगितली. बाभळीची मात्र सांगितली नाही. मीही नाही. फक्त विचारलं, "माय, बसतीस का मागं?"

"मी? येडी का काय!"

पण ती उठली. पदर खोचला, एका अंगानं बसली आणि माझ्या कमरेला विळखा घातला. तिचे हात मला इतके कडक वाटतील असं वाटलं नव्हतं. आम्ही गंजगोलाईच्या गोल बाजाराला वळसा घातला. दुकानांत दिवे लागत होते, वजनकाटे आत नेले जात होते, आणि ती कानाशी पुटपुटत होती, "हळू, हळू." पहिला वळसा संपला तेव्हा मी घराच्या बाजूला वळू लागले.

"थांब," माय म्हणाली, "अजून एकदा फिरव."