सातव्या गाण्यातला चढा सूर

मुरलीला गाता येत नाही, हे घरात फार लवकर ठरून गेलं होतं. त्याचे वडील शेषगिरीराव तंजावरकडचे मराठी. हरिकथा करायचे. पायांत चाळ, हातात चिपळ्या, आणि आवाज असा की माईकवाल्याला काम राहायचं नाही. मुलगा मोठा होऊन आपल्या मागे उभा राहील, ध्रुवपद उचलून धरेल, असं त्यांच्या मनात होतं. मुरली सात वर्षांचा असताना त्यांनी त्याला समोर उभं केलं, दोन ओळी म्हणायला लावल्या, आणि डोक्यावरून हात फिरवून, तमिळमधलं लाडाचं 'पा' शेवटी जोडत म्हणाले, "कान आहे रे तुला, गळा नाहीं. तूं ऐक, पा."

ते रागावून बोलले असते तर मुरली कदाचित विसरलाही असता. पण ते मायेने बोलले, म्हणून ते शब्द आत जाऊन बसले. त्यानंतर शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा तो नुसते ओठ हलवायचा.

मग तो ऐकतच राहिला. कॉलेजात कुणीतरी दिलेल्या एका कॅसेटमधून हेवी मेटल त्याच्या कानात शिरलं आणि तिथेच राहिलं. लोकांना त्यात नुसता गदारोळ ऐकू यायचा. मुरलीला मात्र त्या गदारोळाच्या तळाशी एक विलक्षण शांतता लागायची, लाटेखाली बुडी मारल्यावर लागते तशी. पुढे अंबत्तूरच्या एका बँकेत नोकरी लागली, साताऱ्याहून नोकरीसाठी इकडे आलेल्या विद्युलताशी लग्न झालं, केस पांढरे व्हायला लागले, आणि या सगळ्यात एका वेबसाइटवर तो इंग्रजीतून अल्बमची परीक्षणं लिहीत राहिला. वाचणारे थोडेच, पण त्याचं म्हणणं मनावर घेणारे. मुरली कुणाची भीड ठेवत नाही, असा त्याचा लौकिक होता.

तीन वर्षांपूर्वी 'उप्पळम' नावाच्या बँडने गुम्मिडिपूंडीला एका बंद पडलेल्या रोलिंग मिलच्या शेडमध्ये कार्यक्रम केला. उप्पळम म्हणजे मिठागर. मुरली एकटाच गेला होता. भोवती सगळी विशीतली पोरं. बास गिटार वाजली की वरचे पत्रे थरथरायचे आणि कुठल्या तरी जुन्या गंजाची धूळ दिव्यांच्या झोतात सावकाश तरंगत खाली यायची.

सातवं गाणं अर्ध्यावर आलं आणि वीज गेली. दिवे, स्पीकर, सगळंच एका क्षणात बंद. बाहेर संध्याकाळ सरत आली होती. शेडच्या वरच्या फटींतून निळसर उजेडाच्या चार रेघा तेवढ्या येत होत्या. आता लोक ओरडतील, शिट्या मारतील, असं मुरलीला वाटलं. पण कुणीतरी मागून गाण्याची पुढची ओळ उचलली. मग दुसऱ्याने, मग दहांनी. कुणी तळहाताने पत्र्याच्या भिंतीवर ठेका धरला. स्टेजवरचा गायक जनकोजी, त्याचा माईक मेलेला, तोही खाली येऊन गर्दीतच गाऊ लागला. आणि त्या निळ्या काळोखात मुरलीच्या लक्षात आलं की आपलं तोंड उघडं आहे. आपण गातो आहोत. मोठ्याने. शेजारच्याचा आवाज कुठे संपतो आणि आपला कुठे सुरू होतो ते त्याला कळत नव्हतं, आणि कळावं असं वाटतही नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग जनरेटर धडधडला, दिवे आले, बँड पुन्हा वाजू लागला, आणि मुरलीने दचकून तोंड मिटलं.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. विद्युलतालाही नाही.

यंदा त्या कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम निघाला आणि परीक्षणासाठी तो मुरलीकडेच आला. रविवारी दुपारी जेवण उरकून तो हेडफोन लावून बसला. पहिली सहा गाणी उत्तम होती. ड्रमचा प्रत्येक घाव स्वच्छ, पत्र्यांची थरथरही पकडलेली. सातवं गाणं सुरू झालं तसा तो ताठ बसला. गाणं अर्ध्यावर आलं, तुटलं, श्वासभर शांतता, आणि लगेच पुढचा भाग सुरू. बस. काळोख नाही, पत्रे नाहीत, गर्दी नाही.

मुरलीने पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच.

त्याच दुपारी त्याने परीक्षण लिहून काढलं. फार कडक लिहिलं. या अल्बमने आपलं काळीजच कापून टाकलं आहे, असं लिहिलं. वर दोषही दाखवला: त्या सांध्यानंतर गायकाचा सूर चढलेला आहे, गिटारशी जुळत नाही, असा तुकडा ठेवण्यात काय अर्थ?

विद्युलताने ते वाचलं. "एवढा राग कशाचा रे?" तिने विचारलं. "अल्बम वाईट आहे म्हणून, की तुला हवं ते त्यात नाही म्हणून?"

"दोन्ही एकच की."

"एकच कसं? मी तिथे नव्हते. मी ऐकलं तर मला काय कमी वाटेल?"

 मुरलीने परीक्षण पाठवायचं थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बँकेबाहेरच्या पुंगमच्या, म्हणजे करंजाच्या झाडाखाली उभं राहून जनकोजीला फोन लावला. जनकोजीही तंजावरकडच्या घरातलाच, ओळख जुजबी, पण मराठी म्हणून तो मुरलीला अण्णा म्हणायचा.

"ती गर्दी कां कापलीस?" मुरलीने सरळच विचारलं.

 "कापली नाहीं, अण्णा. रेकॉर्डिंग त्याच विजेवर होतें. वीज गेली तशी मशीनही गेली. कांहींच नाहीं आमच्याकडे."

"कुणाच्या फोनवर?"

"मागवले की सगळ्यांचे. नुसती पत्र्याची फरफर. शब्द लागत नाहीत." मग जनकोजी हसला, पण ते हसणं खरं नव्हतं. "ड्रमर म्हणाला, तीस-चाळीस पोरं स्टुडिओंत आणूं, गाऊन घेऊं, मध्ये घालूं. कुणाला कळणार? पण मला तें झेपलें नाहीं. तें खोटें झालें असतें. म्हणून सांधा तसाच उघडा ठेवला."

"आणि तुझा सूर? सांध्यानंतर चढलेला आहे."

"माहीत आहे. मिक्स करणाऱ्यानें सरळ करून दिला होता. मीच परत होता तसा करायला लावला." तो घुटमळला. "अण्णा, अंधारांत लोक गात गात वर चढत गेले. मीही त्यांच्याबरोबर. वीज आली तेव्हां गिटार जिथें होती तिथेंच होती, मी मात्र लोकांच्या सुरांत होतों. खाली उतरायला दोन ओळी लागल्या."

फोन ठेवल्यावरही मुरली झाडाखाली उभाच राहिला. समोरून औद्योगिक वसाहतीच्या बसेस जात होत्या, पण त्यांचा आवाज कुठून तरी लांबून, पाण्याखालून यावा तसा येत होता. त्या दोन ओळी त्याने फोनवर लावल्या. जनकोजीचा आवाज गिटारच्या थोडा वर तरंगत होता, जणू कुणी त्याला खांद्यावर उचलून घेतलं आहे. आणि मग हळूहळू, नाखुशीनेच, तो खाली जमिनीवर आला.

जे रेकॉर्ड झालंच नव्हतं, त्याचा ठसा त्या दोन ओळींत होता. ते सगळे त्यात होते. मागून ओळ उचलणारी पोरं, भिंतीवर ठेका धरणारे तळहात. आणि सूर चढवणाऱ्या त्या शेकडो गळ्यांत एक त्याचाही होता.

मुरलीने पहिलं परीक्षण पुसून टाकलं. नवं लिहिलं. ड्रम जरा जास्तच घासूनपुसून घेतलेत, शेवटचं गाणं उगाच लांबलंय, हे त्याने सोडलं नाही. भीड ठेवायची त्याला सवयच नव्हती. पण सातव्या गाण्याबद्दल त्याने लिहिलं की लाइव्ह अल्बम कशासाठी ऐकायचा, असं कुणी विचारलं तर या बेसूर दोन ओळी ऐकवाव्यात. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने परीक्षणात 'मी' लिहिलं: मी तिथे होतो, आणि मी गायलो.

 विद्युलताने ती ओळ पुन्हा वाचली, मग त्याच्याकडे बघितलं, मग उठून सासऱ्यांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "अप्पा, मुरली काहीतरी ऐकवणार आहे तुम्हाला."

शेषगिरीराव आता ऐंशीच्या पुढे गेले होते. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचे, जागे की झोपलेले ते कळायचं नाही. मुरलीने त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवला आणि सातवं गाणं लावलं. आधी कपाळाला आठ्या पडल्या. मग उजवा हात खुर्चीच्या हातावर आपोआप पडू लागला. तीन आणि चार, तीन आणि चार.

"मिश्र चापु, सात मात्रा," ते डोळे न उघडता म्हणाले. थोड्या वेळाने भुवई उंचावली. "हा सुरांत नाहीं."

मुरलीने त्यांच्या एका कानावरचा हेडफोन जरा बाजूला सारला. "नाही, अप्पा. आम्ही सगळे नव्हतो."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "आम्ही? तूंही गायिलास?"

"गायलो."

 हेडफोन अजून शेषगिरीरावांच्या दुसऱ्या कानावर होता, त्यातून गिटारची बारीक कुरकुर खोलीत झिरपत होती. त्यांनी सुरांबद्दल आणखी एक अक्षरही काढलं नाही. विचारलं ते वेगळंच. "कथा कशाची आहे त्यांत?"

मुरलीने सांगितलं. मिठागरात जन्म काढलेल्या माणसाचे पाय चितेवरही जळत नाहीत म्हणतात. एका बाईने नवऱ्याचे ते न जळलेले पाय मिठाखाली पुरले, आणि पहाटे पाहिलं तर मिठावर समुद्राकडे जाणाऱ्या पावलांच्या खुणा.

"सेरी, बरें," म्हातारा पुढे सरकून बसला. "पण तसें सांगायचें नव्हें, पा. बाईपासून आरंभ कर. पाय शेवटीं येऊं दे." आणि घसा खाकरून, हेडफोन तसाच एका कानावर ठेवून, त्यांनी स्वतःच सुरुवात केली. बाई मिठाच्या ढिगाशी उभी होती, चांदण्यात मीठ कुठलं आणि वाळू कुठली ते तिला ओळखू येत नव्हतं. विद्युलता दाराला टेकून ऐकू लागली. मुरली खाली फरशीवर बसला.