कापसाच्या ओटीचा दोरा

कापूस वेचताना तो टाकायला आमच्याकडं बाया कमरेला झोळीसारखी ओटी बांधतात. आधी ती जुन्या लुगड्याची असायची. मग घरोघर खताच्या रिकाम्या गोण्या साठल्या आणि त्यांच्याच ओट्या झाल्या. गोणीचे प्लास्टिकचे तंतू कापसातून कापडात जातात आणि कापड धुताना पाण्यात उतरतात, असं बचत गटाच्या ताईंनी सांगितलं तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. माझ्या धाकट्या जावेनं मात्र नीट ऐकून घेतलं.

तिनं सासऱ्यांच्या जुन्या धोतराची ओटी शिवली. खालची नाडी सोडली की सगळा कापूस चादरीवर मोकळा. शिवली कुठं, तर माझ्या मशीनवर. त्या मशीनवर मी अर्ध्या गावाची झंपरं शिवली, आणि गावभर नाव झालं हिचं. ताई म्हणाल्या, सरकी काढणाऱ्या सेलूच्या जिनिंगवाल्यांना असाच स्वच्छ कापूस हवाय. गटातल्या सगळ्या बायांना ओट्या करू, शिवायला कुणाला द्यायच्या ते पुढच्या बैठकीत ठरवू. माझ्या पोटात दुखायला लागलं. त्या आठवड्यात तिनं केलेल्या वरणातसुद्धा मला खोट दिसत होती.

मी कोरं मांजरपाट आणलं. कडा मुडपल्या, वर एक खिसा लावला. तिचा सुती दोरा मशीनवर सारखा तुटायचा, त्यामुळं तिच्या शिलाईत गाठीच गाठी. मी झंपराला वापरते तोच चकचकीत दोरा लावला. एक टाका वाकडा नव्हता.

बैठकीत माझी ओटी सगळ्यांच्या हातातून फिरली. "लय झ्याक झालीय," बाया म्हणाल्या. जावेनं मान खाली घातली आणि मला फार बरं वाटलं. तेवढ्यात ताईंनी शिलाईचा लोंबता दोरा तोडून त्याला काडी लावली. सुताची राख होते. माझा दोरा आक्रसला आणि त्याचा काळा कडक मणी झाला.

"हे तर प्लास्टिकच," ताई म्हणाल्या.

आता ही हसणार, असं मला वाटलं. पण जाऊ म्हणाली, "दोरा म्या दिल्ता आक्काला. माजीच चूक हाय. सुताचा दोरा द्या, आक्का माज्यापेक्षा लय चांगलं शिवतेत."

साफ खोटं होतं. तो दोरा तिनं बघितलासुद्धा नव्हता. मी तोंड उघडलं नाही, आणि शिवायचं काम मला मिळालं.

घरी येताना ती माझ्या बरोबरीनं चालत होती. तिनं एकदा तरी उपकार बोलून दाखवावेत, म्हणजे मला भांडता येईल, याची मी वाट बघत होते. ती एवढंच म्हणाली, "आक्का, मला बी शिकवा की सरळ शिलाई."

काम माझ्या हातात होतं, तरी त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.