खळ्यासारखं पिच

मरोळचा सेबॅस्टियन एरवी शहाणा माणूस. भात पिकवावं, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जावं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण पासष्ट साली त्याच्या शेतात कारखान्याच्या हद्दीचे दगड रोवले गेले आणि त्याची झोप उडाली. पुढल्या वर्षी शेत नाही, मग पोराने, अर्बनने, खायचं काय?

भात कापलं की त्याच शेतात गावची पोरं क्रिकेट खेळायची. पिच कसलं, ढेकळंच ती! एक चेंडू नाकाशी, दुसरा घोट्याशी. अख्खी टीम चाळिसात गारद, आणि त्यात अर्बन एकटा वीस-पंचवीस काढायचा. अंग काळंनिळं व्हायचं, पण गडी हलायचा नाही.

भांडुपच्या एका कंपनीचे साहेब टीमसाठी पोरं शोधत होते. निवड झाली की पक्की नोकरी. रविवारी कंपनीची टीम घेऊन ते मरोळलाच येणार, असा निरोप आला.

"वीस रनांवर कोण नोकरी देतो गं?" सेबॅस्टियन बायकोला म्हणाला. "तिकडची पोरं शंभर-शंभर मारतात."

"तू तुझं भात बघ," क्लारा म्हणाली. "नसत्या उचापती नकोत."

ऐकेल तर सेबॅस्टियन कसला! अर्बन मावशीकडे वसईला गेला होता. तेवढ्यात याने पिचवर पाणी मारलं, मळणीच्या खळ्यासारखं लाकडी चोपण्याने चोपलं आणि शेणाने सारवून गुळगुळीत केलं. मग हात फिरवून बघितलं.

रविवारी पिच बघून अर्बनचा चेहरा पडला. "पापा, हे काय केलंस?"

"आता मार हवे तेवढे!"

आधी कंपनीवाले खेळले. चेंडू कसा, ताटात वाढल्यासारखा बॅटवर यायचा. त्यांचा कुंडलिक नेहमी दहाव्या नंबरला यायचा. त्यानेही पन्नास ठोकले. दोनशे झाले तसा सेबॅस्टियन बांधावरून उठून उभा राहिला. काहीतरी चुकत होतं, आणि ते थांबवायला आता उशीर झाला होता.

अर्बनने सत्तर काढले. जन्मात एवढे काढले नव्हते त्याने. गावाने टाळ्या पिटल्या. सेबॅस्टियन धावतच साहेबांकडे गेला.

"खेळतो छान," साहेब म्हणाले. "पण आज इथे सगळ्यांनीच काढले हो. असल्या पिचवर सत्तरची काय किंमत? ढेकळांत वीस काढणारा पोरगा आहे असं ऐकलं होतं. ते वीस बघायला आलो होतो."

"साहेब, मी चोपलं हे! आत्ता उकरतो, परत खेळवा ना त्याला!"

"टीम आजच ठरवायची आहे," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

सेबॅस्टियनने कुदळ आणली आणि वेड्यासारखे घाव घालायला सुरुवात केली. माती उडत होती, जीप वळणाआड गेली होती. अर्बन पॅड बांधलेलाच आला आणि त्याने बापाच्या हातातली कुदळ काढून घेतली.

"राहू दे, पापा. गेले ते."