सुई बंद

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाताची आवणी, म्हणजे लावणी, आटोपली आणि बायकोला ताप यायला लागला. आमच्या शहापूरकडे सुई न देणाऱ्या डॉक्टरला कोणी डॉक्टर मानत नसे, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे. डॉक्टरने नुसत्या गोळ्या लिहिल्या की मी हटून बसायचो, "सुई मारा." सुई मारली की ताप उतरायचा, ती शेतात जायची आणि चौथ्या दिवशी पुन्हा अंथरूण धरायची. मग मी डॉक्टर बदलायचो. शहापूर झालं, किन्हवली झालं, मुरबाड झालं. दीड महिना हेच चाललं. वर गावात सांगत फिरलो, आपण काही हयगय केली नाही.

तिला चार पावलांत धाप लागू लागली तेव्हा कल्याण गाठलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ठोके ऐकले आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. हृदयाच्या झडपेत जंतू बसले होते. लहानपणी सांधे धरले होते? हृदयाला छिद्र? कधी ऑपरेशन? सगळ्याला आमचं नाही. आवणीत पायाला चिखल्या होऊन बोटांच्या बेचक्या चिरल्या होत्या, पण त्या तर प्रत्येकीला होतात.

"तिथूनही शिरले असतील," ते म्हणाले. "पण कोणते जंतू ते कळायला हवं, आणि रक्तात काही सापडत नाही. तुमच्या सुयांनी ते मेले नाहीत, नुसते दबले. आता तीन दिवस औषध बंद. ताप चढला तरी तिसऱ्या दिवशीच पुन्हा रक्त घेऊ. मधेच बिघडलं तर मात्र थांबायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप असा चढला की थंडीने खाट वाजू लागली. मी दर दहा मिनिटांनी तिला हाक मारून बघत होतो.

"आवो, सुई मारायला सांगा ना," ती म्हणाली.

"नाय गो. उद्यापर्यंत कळ काढ."

"सगल्या डॉक्टरांशी भांडलात ना सुईसाठी? आता काय झालं?" तिने हात जोडले. मी जिन्यात जाऊन रडलो, पण नर्सला हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांतून रक्त घेतलं. या वेळी जंतू सापडले. पुढे सहा आठवडे शिरेतून औषध चाललं.

आजही घरी पाहुणे आले की ती सांगते, मी हात जोडले तरी या माणसाने सुई दिली नाय. मी खुलासा करत नाही. सांगायला ती आहे, तेवढं मला पुरतं.