लाइट गेल्यावरची टेस्ट

मी कळवलेला बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीची तक्रार, त्यांनी पहिल्यांदा निकालात काढून बंद केला तेव्हा त्याखाली एकच ओळ लिहिली होती: बहुधा हार्डवेअरचा दोष आहे, यूपीएस वापरून पाहा. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोष माझ्या कॉम्प्युटरचा नव्हता, आणि यूपीएस म्हणजे काय हे भिवंडीतल्या बाईला कुणी सातासमुद्रापलीकडून शिकवायची गरज नव्हती.

ज्या प्रोग्रामिंग लँग्वेजचा हा बग, ती कुणा कंपनीच्या मालकीची नाही. तिचा सगळा कोड उघडा आहे; कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. ती दुरुस्ती घ्यायची की नाही हे मात्र मोजकी माणसं ठरवतात, त्यांना मेंटेनर म्हणतात. मी त्यांच्यातली नव्हते. माझी सुरुवात झाली ती माहितीपुस्तिकेतल्या चुका सुधारण्यापासून. मग बारीकसारीक दुरुस्त्या आणि मग टेस्ट, म्हणजे लँग्वेज नीट चालते का हे तपासणारे छोटे प्रोग्राम. ते काम कुणालाच नको असतं, म्हणून माझ्या गळ्यात पडलं, आणि त्यासोबत टेस्टच्या फोल्डरमध्ये परस्पर बदल करायचे हक्कही आले. त्या वर्षी आपसांत मतदान घेऊन मला मेंटेनर करायचं त्यांच्यात घाटत होतं. उगाच साधेपणाचा आव आणत नाही, मला ते फार हवं होतं.

पोटासाठी मी भिवंडीजवळच्या राहनाळच्या एका गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळते. कुठल्या खोक्यावर कुठली चिठ्ठी चिकटवायची हे तिथे माझा प्रोग्राम सांगतो, आणि तो याच लँग्वेजमध्ये लिहिलेला आहे. एका दुपारी मी गोदामात बसून त्यात बदल करत होते, तेवढ्यात लाइट गेली. थोड्या वेळाने आली, मी प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि घरी आले. संध्याकाळी सुपरवायझरचा फोन. नाशिकची खोकी कोल्हापूरच्या गाडीत चढली होती. प्रोग्राम बंद पडला नव्हता, त्याने कुठली तक्रारही केली नव्हती, तो बिनधास्त चुकीच्या चिठ्ठ्या छापत बसला होता.

"मॅडम, बंद पडला असता तर मी तुमच्या नावाने बोंब मारली असती आणि विषय मिटला असता," सुपरवायझर म्हणाला. "हा तर गुपचूप खोटं बोलला."

कारण सापडायला वेळ लागला, पण निघालं ते अगदी साधं. लँग्वेज आपला प्रोग्राम बांधताना, म्हणजे कॉम्प्युटरला चालवता येईल अशा रूपात आणताना, त्याचे तयार तुकडे डिस्कवर ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी तेच काम पुन्हा करायला नको. तुकडा लिहिला जात असताना वीज गेली तर तो अर्धाच राहतो. वीज आल्यावर लँग्वेज बघते, तुकडा आहे, आणि तो पुरा आहे असं धरून पुढे जाते. बहुतेक वेळा प्रोग्राम कोसळतो. पण तुकडा नेमका नको त्या जागी तुटला असेल, तर प्रोग्राम चालतो आणि चुकतो.

ही चूक आळसाची नव्हे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज असतेच, अशा गावच्या माणसांची ती चूक आहे. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, आमच्या घराखाली, वडिलांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे. तिथे लाइट गेली की कामगार आधी प्रत्येक लूमचं हँडल पाडतात, मग चहाला जातात. हँडल तसंच राहिलं तर लाइट येताक्षणी लूम आपोआप सुरू होतो, आडवा धागा नेणारं, मध्येच थांबलेलं शटल उभ्या दोऱ्यांत अडकतं आणि झुबकेच्या झुबके तुटतात. थांबलेलं काम शाबूत असेल असं इथे कुणी गृहीत धरत नाही. लूमच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून कॉम्प्युटरची कल्पना निघाली, हे लूम आणि कॉम्प्युटर यांचं जुनं नातं कौतुकाने समजावणारे लोक मला अधूनमधून भेटतात, आणि मला त्या कौतुकाचा वीट आलाय. मला त्या कारखान्यातली एकच वस्तू हवी होती, ती म्हणजे मेन स्विच.

बंद झालेला बग पुन्हा उघडायचा तर तो घडवून दाखवावा लागतो. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, म्हणून मी शुक्रवार धरला. एक जुना कॉम्प्युटर खाली कारखान्यात नेला, त्याला एक प्रोग्राम बांधायला लावला आणि मध्येच मेन स्विच ओढला. वर केला, काय झालं ते पाहिलं, पुन्हा ओढला. असे कित्येक शुक्रवार गेले. आमची शेती गेली, लूम आले, तरी वडिलांच्या तोंडची आगरी गेली नाही. ते बनियनवर, हातात कपबशी घेऊन दारात उभे राहायचे.

"आख्खी भिवंडी लाइट ये म्हणून बसलीय, आन तू हातानं घालवतंस?"

"मुद्दाम घालवतेय, बाबा. त्यांना दाखवायचंय."

"त्यांना दिसत न्हाय का, लाइट जाते ती?"

"त्यांच्याकडे जात नाही."

वडिलांनी चहाचा घोट घेतला. "मंग त्यांना कसा सांगशील?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना व्हिडिओ पाठवला, बिघडलेल्या फाइली पाठवल्या आणि सोबत दुरुस्तीही पाठवली. तुकडा आधी बाजूला लिहायचा, तो डिस्कवर पक्का बसला की मगच जागेवर आणायचा, आणि वाचताना तो पुरा आहे ना हे तपासायचं. बस, एवढंच. त्याने प्रोग्राम बांधायला किंचित जास्त वेळ लागत होता, आणि ते मी लपवलं नाही.

मुख्य मेंटेनर फार सौजन्याने लिहितो. त्याचं सौजन्यच माझ्या डोक्यात जातं. काम उत्तम आहे, त्याने लिहिलं, पण काही थोड्या लोकांच्या अडचणीसाठी सगळ्यांनी का थांबायचं? आपण हे ऐच्छिक ठेवू. एरवी बंद असेल, ज्याला हवं तो चालू करेल. पर्यायाचं नाव त्यानेच सुचवलं होतं, 'बेभरवशाची वीज'. शेवटी पुन्हा चौकशी केली होती, इन्व्हर्टर परवडत नाही का?

इन्व्हर्टर आमच्याकडे आहे. लाइट गेल्यावर तो भार घेईपर्यंत पापणी लवण्याइतका वेळ जातो आणि तेवढ्यात गोदामातला जुना कॉम्प्युटर मान टाकतो. हे मी त्याला नीट समजावून लिहिलं.

उत्तराऐवजी फोन आला तो बंगळुरूच्या एका मेंटेनरचा. भला माणूस, माझ्या बाजूचा, मला मत देणार होता.

"मान्य करून टाक," तो म्हणाला. "मतदान तोंडावर आलंय. एकदा आत आलीस की हवं तेव्हा बदल."

"आणि तोवर?"

"तोवर ज्याला गरज आहे तो पर्याय चालू करेल ना."

"कोण चालू करेल? ज्याला आपलं काम बिघडलंय हे कळलंय तो. राहनाळच्या सुपरवायझरला गाडी सुटेपर्यंत कळलं नव्हतं. ज्याला कळतच नाही त्याच्यासाठी ही दुरुस्ती आहे."

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण तू आडमुठी ठरशील."

मी फोन ठेवला आणि खाली कारखान्यात जाऊन बसले. मान्य केलं असतं तर मेंटेनरांच्या यादीत माझं नाव लागलं असतं, धामणकर नाक्यावरच्या एका मुलीचं. शाळेतल्या बाईंना पेढे दिले असते. हे सगळं मला दिसत होतं आणि मोह होत होता. पण 'बेभरवशाची वीज' हे नाव पुन्हा पुन्हा आठवत होतं. माझं गाव त्यांच्या सेटिंग्जमधल्या एका कोपऱ्यात, एरवी बंद. मी ठरवलं, हे होणार नाही.

आमच्या कामाची एक रीत आहे. एखादी टेस्ट फसत असली, म्हणजे यादीत लाल दिसत असली, तर ती हिरवी होईपर्यंत नवी आवृत्ती बाहेर पडत नाही. नको असेल तर टेस्ट काढून टाकता येते, पण कुणी काढली आणि का काढली हे काढणाऱ्याच्या नावासह कायमचं नोंदलं जातं. दुरुस्ती मूळ कोडमध्ये घालायचा हक्क मला नव्हता. टेस्टच्या फोल्डरचा होता.

म्हणून मी फक्त टेस्ट घातली. तिला मेन स्विच लागत नव्हता. ती तुकडा लिहिता लिहिता मध्येच काम तोडायची, दर वेळी थोडं पुढच्या जागी, आणि मग विचारायची, उत्तर बरोबर आलं का? जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ती लाल यायची, त्यांच्या भरवशाच्या विजेवरसुद्धा. खाली मी लिहिलं: अर्ध्या तुकड्यावरून लँग्वेज चुकीचं उत्तर देते. हे चालेल असं ज्यांना वाटतं त्यांनी ही टेस्ट काढावी आणि खाली आपलं नाव लिहावं.

नवी आवृत्ती अडली. पत्रांवर पत्रं आली. कुणी म्हणालं ही दादागिरी आहे, कुणी म्हणालं वेळ चुकीची आहे. मी प्रत्येकाला एकच विचारलं, टेस्टमध्ये चूक दाखवा. एक मात्र झालं नाही. टेस्ट कुणी काढली नाही. ओरडणं सोपं असतं, सही करणं जड जातं.

शेवटी दुरुस्ती मूळ कोडमध्ये गेली. सगळ्यांसाठी, कायम चालू, कुठल्याही पर्यायाशिवाय. नव्या आवृत्तीच्या माहितीत त्यांनी लिहिलं होतं, 'विकसनशील भागांतील वापरकर्त्यांसाठी सुधारणा'. मी तेही काढायला लावलं. चुकीचं उत्तर येत होतं, ते आता येत नाही, एवढंच लिहा. त्यांनी तेवढंच लिहिलं.

मग मतदान झालं. मला मेंटेनर केलं नाही.

"मंग तुला काय भेटला?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही. पण आता कुठंही लाइट गेली तरी खोकी चुकणार नाहीत."

"आन त्यांनी आत घेतला न्हाय?"

"नाही."

"हलकट हायेत," वडील म्हणाले. त्यांना कोड कळत नाही, पण त्या दिवशी मला तेवढंच ऐकायचं होतं. मला वाईट वाटलं होतं, रडायलाही आलं होतं, आणि राग तर अजून आहे.

काही महिन्यांनी मुख्य मेंटेनरचं पत्र आलं. तितकंच सौजन्याचं. माझं नाव पुन्हा मतदानाला ठेवायची त्याची तयारी होती, या वेळी कुणाचा विरोध नसेल असंही त्याने लिहिलं होतं. फक्त एक हमी हवी होती: यापुढे अशी टेस्ट घालण्याआधी मी मेंटेनरांना विचारावं.

मी उत्तरात लिहिलं, तुम्हाला विचारून घालायची असेल तर ती तपासणी कसली? पत्र पाठवलं आणि त्याच दुपारी नवी टेस्ट घातली. डिस्क भरलेली असताना लँग्वेज काय करते, हे तिने विचारलं. लाल आली.