विनोदिनीकाकी आणि आमच्या वाड्याचे कान

आमच्या वाड्यावर जन्मलेला एकही कान विनोदिनीकाकीच्या तेलातून सुटलेला नाही. माझेही दोन्ही त्यातच आले. रविवारी सकाळी तिच्या सोप्यावर आम्ही पोरं ओळीने आडवी पडायचो. लसणाची पाकळी टाकून ती खोबरेल कोमट करायची, थेंबभर स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची आणि मग कुलेरीने, म्हणजे चमच्याने, एकेका कानात सोडायची. वर कापसाचा बोळा. "आता हललंस तर फटको खाशीत," ही औषधाची शेवटची मात्रा. कोणी केळी आणून द्यायचं, कोणी नारळ. काही नाही आणलं तरी ती चौकशी करायची नाही.

काकी मूळची सावंतवाडीकडची. नवरा खाणीवर कामाला आला म्हणून तीही डिचोलीला आली. नवरा गेला, मग मुलगा सगुण खनिजाच्या ट्रकवर बसू लागला. आमचा वाडा म्हणजे शहराबाहेरची वस्ती, त्या ट्रकांच्या रस्त्याला लागूनच. पावसाळा सरला की मे महिन्यापर्यंत दिवसभर एकामागून एक ट्रक तांबडी धूळ उडवत जातात. त्यामुळे आमच्या वाड्याला दोन सवयी लागल्या. पोरांची नाकं बारा महिने गळतात, तीसुद्धा तांबडी. आणि आम्ही सगळे ओरडून बोलतो. जेवताना मीठ मागितलं तरी ते दोन घरांपलीकडे कळतं. काकीचं घर तर रस्त्याच्या कडेलाच, तेव्हा तिथला आवाज सगळ्यांत मोठा.

काकीची नात समीक्षा माझ्या पहिलीच्या वर्गात आली त्या वर्षी गोवा राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. पोरांना मराठीतून शिकवायचं की कोंकणीतून, यावर तिठ्यावर, बाजारात आणि लग्नाच्या पंगतीतही भांडणं चालली होती. मी वाड्यावरच्या मराठी शाळेत शिकवायचे आणि त्या भांडणात माझाही आवाज कमी नव्हता.

समीक्षा गुणी दिसायची, पण विचारलं तर उत्तर द्यायची नाही. तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहायची. फळ्यावरचं बरोबर उतरवायची, तोंडी विचारलं की ठप्प. मी तिला हट्टी ठरवलं, दोनदा कोपऱ्यात उभी केली, शेवटच्या बाकावर बसवली. आजही ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

घरीही तसंच सुरू झालं होतं. पाऊस लागला की खाणी बंद, ट्रक बंद. पहिले आठ दिवस आम्ही सवयीने ओरडतो, मग आवाज आपोआप खाली येतात. ते खाली आले आणि समीक्षा हाकेला ओ देईनाशी झाली. काकी म्हणाली, पोरगी शाळेत जाऊन शेफारली. सगुण म्हणाला, तिला मराठी जमत नाही, गणपतीची चवथ झाली की या शाळेतून काढतो आणि कोंकणी शाळेत घालतो. तिथे बोलली नाही तर सरळ घरी बसवतो. पोरीच्या आईचं, सरस्वतीचं, म्हणणं वेगळं होतं. पोरीच्या डाव्या कानातून पू येत होता, उशी भिजायची. त्यावर काकीने उपाय काढला. रविवारचं तेल ती रोज घालू लागली, सकाळ आणि संध्याकाळ.

जुलैमध्ये आरोग्य केंद्राचा डॉक्टर शाळेत तपासणीला आला. कानात दिवा धरून बघायचं त्याचं यंत्र होतं. चार-पाच पोरं तपासून त्याने बोटं पुसली आणि विचारलं, "तेल कोण घालतं रे तुमच्या कानात?"

"विनोदिनीकाकी!" पाढे म्हणताना कधी ऐकला नाही असा एका सुरातला आवाज आला.

समीक्षापाशी तो बराच वेळ थांबला. मग तिच्या पाठीमागे उभा राहून साध्या आवाजात म्हणाला, "बाळ, तुझं नाव काय?" ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. त्याने मला समजावलं. नाकाच्या मागून कानाकडे एक नळी जाते, मुलांची ती आखूड असते. सर्दी सदाची, नाक चोंदलेलं, म्हणून ती तोंडाने श्वास घेते. उजव्या पडद्यामागे पाणी साचलंय. डावा कान फुटून पडद्याला भोक पडलंय आणि वरून घातलेलं तेल त्या भोकातून आत जातंय.

सगळा गोवा पोरांनी कुठल्या भाषेत ऐकावं यावर भांडत होता. या पोरीला ऐकू येतं का, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर तिची बाई.

पोरांनी गलका केला, आता बाईंचे कान बघा. डॉक्टरने हसत माझे कान बघितले आणि डाव्याशी त्याचं हसू थांबलं. तिथेही जुनं भोक होतं. डावा हात उजव्याहून कमजोर असतो तसा डावा कानही असतो, असं मी तीस वर्षं धरून चालले होते. मी विचारलं, तेलामुळे?

"तसं सांगता येणार नाही," तो म्हणाला. "सर्दीनेच फुटला असेल. पण फुटलेल्या कानात तेल घालत राहिलं तर तो सुकत नाही."

संध्याकाळी मी काकीकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भडकली.

"काल आयलेलो डॉक्टर माका शिकवतलो? वाड्यावरची सगळी पोरां माझ्या हाताखालसून गेली. एकाचो तरी कान गेलो काय गो, शालिनी?"

एरवी माझी जीभ भलती तिखट. त्या वेळी मात्र माझ्या कानाचं तिला सांगवेना. मी एवढंच म्हटलं, "नातीक फाटसून हाक मार बघया. हळू."

समीक्षा जमिनीवर काजूच्या बिया मांडून खेळत होती. काकी तिच्या मागे उभी राहिली. "समीक्षा," तिने हाक मारली. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. रस्त्यावर ट्रक नव्हता, घरात कोणी बोलत नव्हतं. पोरगी बिया मांडत राहिली.

काकी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "कान व्हावता म्हणान मी दिसाक दोनदा घालीत रवलंय गो," ती म्हणाली, "आनि पडद्याक बुराक आसा."

त्यानंतरचे दोन महिने ती पोर म्हणजे काकीचा एकच उद्योग झाला. कापसाची वात करून कान कोरडा करायचा, डॉक्टरने दिलेले थेंब घालायचे, न्हाताना बाहेरून बोळा लावायचा, आत पाण्याचा टिपूस जाऊ द्यायचा नाही. नाकाचं औषध वेगळं. सगळं तिने स्वतः केलं, सरस्वतीलाही हात लावू दिला नाही.

रविवारी पोरं नेहमीसारखी सोप्यावर येऊन आडवी झाली. काकीने त्यांना उठवलं. पोरांच्या आयांना ते आवडलं नाही. नातीपुढे आमची पोरं हिला जड झाली, असंही कोणी बोललं. तेव्हा काकी सोप्याच्या पायरीवर उभी राहिली आणि ट्रकांच्या दिवसांतल्या आवाजात म्हणाली, "माझ्या नातीचो कान माझ्या तेलान बिघाडलो. व्हावत्या कानात तेल घालू नकात. डॉक्टराकडे व्हरा." आणि आत गेली. असं बोलायला काय छाती लागते ते मला ठाऊक आहे, कारण समीक्षाला कोपऱ्यात उभी केल्याचं मी अजून सगुणला सांगितलेलं नव्हतं.

चवथ झाल्यावर म्हापशाच्या कानाच्या डॉक्टरने पोरीला तपासलं. उजव्या कानातलं पाणी आटलं होतं. डावा सुकला होता, भोक बारीक झालं होतं. आपोआप बुजेल, नाही तर मोठी झाल्यावर शस्त्रक्रिया करून बुजवता येईल, असं तो म्हणाला. सगुणने शाळेचा विषय पुन्हा काढला नाही. मी समीक्षाला पहिल्या बाकावर आणलं. आता ती इतकी बडबडते की तिला गप्प करावं लागतं.

दिवाळीच्या सुमारास ट्रक पुन्हा सुरू झाले. एका दुपारी काकी नातीला न्यायला शाळेत आली आणि व्हरांड्यात माझ्या डाव्या बाजूला टेकली. ती काहीतरी बोलली. मी सवयीने मान फिरवून उजवा कान तिच्याकडे केला. ती बोलायची थांबली.

"शालिनी, तुझो डावो कान गो?"

"ल्हानपणी व्हाळात बुडी मारताना पाणी गेला आसतला," मी म्हटलं.

काकी माझ्याकडे बघत राहिली. ओढ्याच्या पाण्याला मी लहानपणी किती घाबरायचे, पोरं पोहायला गेली की मी तिच्याच सोप्यावर कशी येऊन बसायचे, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.